रिपोर्टमधला ‘ब्रिज’ पेशंटला समजावणार कोण?

मा. संपादक महोदय,

पत्र लांबलंय हे आधीच सांगते, पण अर्धं कापून छापलंत तर वाचणाऱ्याच्या डोक्यात अर्धवटच जाईल आणि हृदयाच्या शिरेवरच्या या ‘ब्रिज’च्या विषयात अर्धवटपणानंच घोळ होतोय, म्हणून जमलं तर पूर्ण छापा ही विनंती. मी गोव्यात साखळी गावी फार्मसीत काम करते, २२ वर्षं झाली. घरी आम्ही कोंकणी बोलतो पण पेपर बाबांच्या वेळेपासून मराठीच येतो, आणि आमच्या भागात सकाळी पहिलं काम म्हणून पेपर उघडणारी माणसं किती आहेत ते मला काउंटरवरून रोज दिसतं, म्हणून हे तुम्हालाच लिहितेय.

गेल्या शिगम्याला माझा धाकटा भाऊ, वय ४३, रोमटात, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत, ढोल वाजवत होता. गळ्यात ढोल, दुपारचं ऊन, सकाळपासून पोटात धड पाणी नाही, आणि ताशाची लय चढत गेली तसा हा पण चढत गेला. मधेच त्याच्या छातीत आवळल्यासारखं झालं. ढोल दुसऱ्याच्या गळ्यात देऊन तो देवळाच्या पायऱ्यांवर बसला. गर्दीतल्या एका वयस्कर माणसानं खिशातली जिभेखाली ठेवायची गोळी काढून त्याला दिली, प्रेमानंच दिली, त्या काकांना मी दोष देत नाही, आपल्याकडे कोणाच्याही छातीत दुखलं की हेच करतात. पण पाच-सात मिनिटांत भावाच्या डोळ्यासमोर अंधारी आली, छाती धडधडायला लागली आणि दुखणं कमी व्हायच्या जागी वाढलं. १०८ बोलावली, ईसीजी झाला, रक्त तपासलं, हार्ट अटॅक नव्हता. आम्ही सुटकेचा श्वास सोडला आणि खरा ताप त्यानंतर सुरू झाला.

पुढच्या आठवड्यात सीटी अँजिओ, म्हणजे हृदयाच्या शिरांचा सीटी स्कॅन, केली. रिपोर्ट चार पानांचा, त्यात कॅल्शियम झिरो, ब्लॉकेज कुठेच नाही, आणि शेवटी एक ओळ, मिड एलएडीमध्ये मायोकार्डियल ब्रिजिंग. बस्स, एवढंच. पाकीट हातात देणाऱ्या मुलाला वहिनीनं विचारलं हे काय म्हणून, तर तो म्हणाला ब्लॉकेजसारखंच काहीतरी असतं, डॉक्टरला दाखवा. त्या एका वाक्यानं आमच्या घरात तीन रात्री कोणी झोपलं नाही. मग एका ठिकाणी दाखवलं तर तिथं सांगितलं स्टेंट टाकून मोकळे व्हा. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं हे काही नसतं, कित्येकांना असतं, घरी जा, टेन्शन घेऊ नका. आता तुम्हीच सांगा, एकजण स्टेंट म्हणतो, एकजण काही नाही म्हणतो, आणि पेशंट मात्र सकाळी गायीच्या गोठ्यात वाकायला घाबरतो. साध्या माणसानं काय समजायचं?

मी डॉक्टर नाही. पण औषधांत आयुष्य गेलंय आणि गोष्ट घरातली होती म्हणून मिळेल ते वाचलं, आणि शेवटी एक हृदयतज्ज्ञ असे भेटले की ज्यांनी आम्हाला बसवून सगळं सांगितलं, तेच इथं माझ्या भाषेत लिहितेय.

हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या ज्या शिरा, म्हणजे करोनरी, त्या साधारण हृदयाच्या वरच्या अंगानं चरबीतून जातात, स्नायूच्या बाहेरून. काही लोकांत जन्मापासूनच एखादी शीर थोडं अंतर स्नायूच्या आत शिरते आणि पुढे परत वर येते. त्या तुकड्यावर जे स्नायूचं पांघरूण राहतं त्याला पूल म्हणतात, ब्रिज. आपल्याकडे पूल म्हटलं की माणसाला वाटतं रस्ता अडलाय किंवा काहीतरी बांधलंय, पण इथं शीर पुलाखालून जाते, ओहोळ जातो तशी. बहुतेक वेळा ही एलएडीच असते, हृदयाच्या पुढून उतरणारी मोठी शीर, आणि तिचाही मधला भाग. लांबी साधारण एक ते तीन सेंटिमीटर. खोली कोणाची एक मिलिमीटर, कोणाची दोनाच्या वर, आणि दोनाच्या वर गेली की तिला खोल धरतात.

त्या डॉक्टरनी भावाची अँजिओग्राफी, म्हणजे नळी घालून शिरेत रंग सोडून एक्स-रेवर बघणं, करायचं ठरवलं, आणि झाल्यावर व्हिडिओ दाखवायला मला आणि वहिनीला आत बोलावलं. करड्या पडद्यावर काळी शीर, आणि तिचा मधला बोटाच्या पेराएवढा तुकडा दर ठोक्याला दोऱ्यासारखा बारीक व्हायचा आणि लगेच परत भरायचा. बारीक, भरलेला, बारीक, भरलेला. वहिनीनं माझा हात घट्ट धरला. डॉक्टर म्हणाले याला मिल्किंग म्हणतात. माझ्या भावाकडे चार गायी आहेत, पहाटे साडेचारला उठून दूध काढतो आणि सोसायटीत घालतो, तर इतके दिवस गप्प असलेला तो एकदम म्हणाला, म्हणजे सड पिळल्यासारखं? डॉक्टर म्हणाले अगदी तसंच. मग त्यानंच पुढे सांगितलं, ताई, मूठ सोडली की सड परत भरतो, पण घाईघाईनं पिळत राहिलं तर भरायला वेळच मिळत नाही, म्हणून मला ढोल वाजवताना दुखलं. डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. मला तेव्हा भरून आलं, कारण तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला स्वतःच्या छातीत काय चाललंय ते कळलं होतं, आणि कळायला त्याला इंग्रजीचा एक शब्द लागला नाही.

त्यानं सांगितलं ते बरोबरच आहे. बाकी अवयवांना रक्त हृदय आकसताना मिळतं, पण हृदयाच्या डाव्या बाजूच्या स्नायूला मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा मिळतं. पूल शीर दाबतो तो आकसताना, म्हणजे तसंही रक्त कमी जायच्या वेळी, म्हणून बहुतेक लोकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही आणि ‘काही नसतं’ म्हणणारे डॉक्टर त्यांच्यापुरते खोटं बोलत नसतात. पण पूल खोल आणि लांब असला तर हृदय सैल पडल्यावरही शीर लगेच उघडत नाही, थोडा वेळ दबलेलीच राहते. त्यात ठोके वाढले की सैल पडायचा वेळच कापला जातो. हिशोब करून बघा, मिनिटाला ६० ठोके असले तर एका ठोक्याला एक सेकंद मिळतो, १५० झाले की ०.४ सेकंद, आणि त्यात आकसायचा वेळ फारसा कमी होत नाही, बहुतेक काटछाट सैल पडण्यात होते. धावताना, डोंगर चढताना, भांडताना, घाबरल्यावर, तापात, ऊन लागून अंगातलं पाणी कमी झाल्यावर जे दुखतं ते यामुळे.

मग लोक विचारतात, आम्ही पण विचारलं, की जन्मापासून आहे तर ४३ वर्षं काही झालं नाही आणि आत्ताच का? त्याचं उत्तर असं की पूल तोच राहतो पण आजूबाजूचं बदलतं. वय वाढतं तसं हृदय सैल पडायला जास्त वेळ घेतं. बीपी बरीच वर्षं जास्त राहिलं तर स्नायू जाड होतो. आणि तिसरं म्हणजे पुलाखालच्या तुकड्यात सहसा चरबीचा थर साठत नाही, तो तुकडा उलट स्वच्छ राहतो, पण पुलाच्या अलीकडे, रक्त जिकडून येतं त्या बाजूला, रक्ताचा प्रवाह बिघडतो आणि तिथं थर धरायला लागतो. म्हणजे पूल स्वतः ब्लॉकेज नाही पण त्याच्या तोंडाशी ब्लॉकेज व्हायला जागा तयार होते. म्हणून ज्याच्या रिपोर्टात ब्रिज आहे त्यानं शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, विडी-सिगारेट आणि तंबाखू याकडे इतरांपेक्षा जास्तच लक्ष द्यायला हवं, आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही, कारण ‘काही नसतं’ म्हटलं की विषय तिथंच संपतो.

हे काही नवीन लागलेलं दुखणं नाही. १७३७ मध्ये रायमन नावाच्या माणसानं शरीरं उघडून बघताना शीर स्नायूत शिरते याची नोंद केली होती, १९५१ मध्ये गायरिंगर यांनी शवविच्छेदनात त्याचा नीट अभ्यास केला आणि १९६० मध्ये अँजिओग्राफीवर ते पहिल्यांदा जिवंत माणसात दिसलं. किती लोकांना असतं हे कशानं बघता त्यावर अवलंबून आहे. २०१८ मध्ये आलेल्या एका विश्लेषणात बरेच अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा की शवविच्छेदनात ४२ टक्के, सीटीवर २२ टक्के आणि अँजिओग्राफीवर जेमतेम ६ टक्के. हे आकडे वाचून मी दोन दिवस विचार करत होते. अँजिओग्राफी फक्त शिरेच्या आतली पोकळी दाखवते, वरचा स्नायू दाखवत नाही, म्हणून उथळ पूल तिथं निसटतात. सीटी स्नायू पण दाखवते. आता सीटी अँजिओ आधीपेक्षा खूप जास्त होतात, म्हापसा-फोंड्याकडे बोलता बोलता कोणी ना कोणी केलेली असते, म्हणजे हा शब्द आता घराघरांत पाकिटातून येणार आहे. समजावणारा माणूस मात्र त्या पाकिटातून येत नाही.

आता औषधांबद्दल, कारण माझं काम तेच आहे आणि माझा जीव सगळ्यात जास्त तिथं तुटतो.

सॉर्बिट्रेट, म्हणजे ती जिभेखालची गोळी, किंवा कुठलंही नायट्रेट ही वाईट औषधं नाहीत. ज्याला ब्लॉकेजमुळे दुखतं, ज्याला डॉक्टरनी लिहून दिलंय, त्यानं ती खिशात ठेवलीच पाहिजेत, माझं पत्र वाचून कोणी कृपा करून फेकू नका. पण पुलाच्या पेशंटमध्ये गोष्ट उलटी होऊ शकते. नायट्रेट शिरा सैल करतं, बीपी खाली आणतं, बीपी पडलं की हृदय ते भरून काढायला जोरात आणि भरभर ठोके मारतं, आजूबाजूची शीर रुंद होते आणि पुलाखालचा तुकडा आणखी पिळला जातो. अँजिओग्राफी करताना लपलेला पूल दिसावा म्हणून डॉक्टर मुद्दाम नायट्रोग्लिसरीन देतात, इतकं हे ठरलेलं आहे. भावाला त्या दिवशी देवळाच्या पायरीवर जे झालं ते त्यातूनच, वर ऊन आणि रिकामं पोट. म्हणून दुसऱ्याच्या खिशातली गोळी छातीत दुखणाऱ्याच्या जिभेखाली ठेवू नका. ती ज्याची त्याची आहे. छातीत दुखलं की १०८ लावा, माणसाला बसवा, जवळच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढा. आपल्या गोव्यात हार्ट अटॅकसाठीच्या स्टेमी प्रकल्पामुळे लहान केंद्रातला ईसीजी बांबोळीच्या मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांपर्यंत पोचतो, ही सोय आहे तर वापरा. आणि माझा ब्रिज आहे म्हणून हे दुखणं ब्रिजचंच असं ठरवून घरी पण बसू नका, ब्रिज असलेल्याला अटॅक येऊ शकतो आणि साधा गॅस पण होऊ शकतो, ते ठरवायचं काम ईसीजी आणि रक्ताच्या टेस्टचं.

त्रास देणाऱ्या पुलाला पहिलं औषध म्हणजे बीटा ब्लॉकर. ठोके कमी करतं, आकसण्याचा जोर कमी करतं, सैल पडायला वेळ देतं, सगळं एका गोळीत. दम्याच्या माणसाला ते चालत नसेल तर डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिलसारखी गोळी देतात. पण काउंटरवर काय होतं ते सांगते. बीटा ब्लॉकर आपल्याकडे ‘बीपीची गोळी’ म्हणून ओळखतात. माझ्या भावानं पण तेच केलं, मी फार्मसीत असून त्यानं मला न विचारता केलं, दोन महिन्यांनी कुठंतरी बीपी चेक केलं, नॉर्मल आलं, म्हणाला मग बीपीची गोळी कशाला, आणि दिली सोडून. चौथ्या दिवशी दुधाचा कॅन उचलून रस्त्यापर्यंत नेताना परत तेच आवळणं. ही गोळी एकदम सोडली की ठोके उसळी मारतात, आधीपेक्षा वाईट अवस्था होते. सोडायचीच असली तर डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करत सोडतात. एका वाक्याची गोष्ट आहे, ‘ही गोळी तुमच्या ठोक्यांसाठी आहे’, पण ते वाक्य त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी पण नाही, मी धरून चालले की त्याला माहीत असेल, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

स्टेंटबद्दल पण लिहायला हवं कारण आमच्या घरात त्यासाठी आईच्या पाटल्या कपाटातून बाहेर निघाल्या होत्या. ब्लॉकेज आतून असतं, तिथं स्टेंट शीर उघडी धरतो. पुलात दाब बाहेरून येतो, दर ठोक्याला येतो, दिवसाला लाखभर ठोके, तर तो स्टेंट तिथं चेपू शकतो, तुटू शकतो, आत परत अरुंद होऊ शकतो, आणि टाकताना शीर फाटायचा धोका पण इतर ठिकाणांपेक्षा जास्त. म्हणून आधी औषध, औषधांनी भागत नसेल आणि तपासण्यांतून खरंच रक्त कमी पडतंय हे दिसलं तरच पुढचं, त्यात वरचा स्नायू कापून शीर मोकळी करायचं ऑपरेशन १९७५ पासून होतंय आणि काहींची बायपास होते. अशी पाळी फार थोड्यांवर येते. स्टेंट कधीच टाकत नाहीत असं मी म्हणत नाही, पण ज्या माणसाला गोळी दिलीच नाही त्याला आधी स्टेंट सांगितला तर घरच्यांनी का म्हणून विचारलं पाहिजे, आणि तसं विचारणं म्हणजे डॉक्टरचा अपमान नाही.

आणि हो, कधीतरी जिवावर पण बेततं, तरुण खेळाडूत किंवा हृदयाचा स्नायू मुळातच जाड असलेल्यांत, म्हणून व्यायाम करताना चक्कर येऊन पडणारा, छातीत दुखणारा, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेला असेल असा माणूस ‘काही नसतं’वर सोडून देऊ नये. बाकीच्यांचं आयुष्य इतरांसारखंच जातं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि पेशंटला दोन्ही सांगायला हवं.

माझी मागणी मोठी नाही. सीटी करणाऱ्यांनी रिपोर्टात नुसतं ब्रिजिंग लिहून न सोडता कुठल्या शिरेवर, किती लांब, किती खोल, आणि अलीकडे थर आहे की नाही एवढं लिहावं, काही ठिकाणी लिहितात, सगळीकडे लिहावं. ओपीडीत एका पानाचा कागद ठेवावा, मराठीत आणि कोंकणीत, पूल म्हणजे काय, कुठली गोळी कशासाठी, कधी धावत यायचं. १८४२ पासून डॉक्टर घडवणारी शाळा ज्या गोव्यात आहे तिथं एक पान छापणं अवघड नसावं. आणि तुमच्या आरोग्याच्या पानावर एखाद्या हृदयतज्ज्ञाकडून यावर लिहून घ्या, माझ्यापेक्षा ते नक्कीच चांगलं लिहितील, माझं काही चुकलं असेल तर दुरुस्त पण करतील.

भाऊ आता ठीक आहे. चवथीला आरतीत त्यानं बसून घुमट वाजवलं, ढोल यंदा नाही. वहिनी अजून त्याचं मनगट धरून घड्याळाकडे बघते, पहिल्यांदा तो चिडायचा, आता हात आपणच पुढे करतो.

गेल्या आठवड्यात वाळपईकडची एक बाई काउंटरवर आली, मुलाचा रिपोर्ट पिशवीत घडी करून, आणि हळू आवाजात विचारलं, बाय, हो पूल म्हळ्यार कितें? मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांना थांबा म्हटलं आणि औषधाच्या पुडीच्या कागदावर हृदय काढलं, शीर काढली, वर पूल काढला, खाली गोळीचं नाव, कधी घ्यायची, कोणाची गोळी घ्यायची नाही, १०८ कधी लावायची, असं सगळं मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्या कागदाची झेरॉक्स सोबत जोडलीय. चित्र काही खास नाही, पण त्या बाईला कळलं. जागा असेल तर पत्राबरोबर तेवढं छापा.

आपली एक नेहमीची वाचक,
साखळी, गोवा